चाळणीपलीकडची माती

पावसाळ्यात नदीचे गढूळ पाणी घरात आले की हंड्यात तुरटीचा खडा फिरवायचा आणि पाणी निवळू द्यायचे, हे आपल्यापैकी अनेकांनी लहानपणी पाहिले असेल. वाळू तुरटीशिवायही लगेच तळाला बसते. हट्ट धरून बसतो तो मागे राहिलेला गढूळपणा. मातीच्या प्रयोगशाळेतील एक फार महत्त्वाची चाचणी याच साध्या अनुभवावर उभी आहे. आपल्या वाचकांत इंजिनिअर पुष्कळ आहेत आणि भारतात प्लॉट घेऊन घर बांधणारेही कमी नाहीत. त्यांच्या हाती पडणाऱ्या माती-परीक्षणाच्या अहवालात 'चिकणमाती अमुक टक्के' असा एक आकडा असतो. हा आकडा नेमका कशाचा आणि तो कोणी, कसा ठरवला, याची ही हकीकत.

वाळू मोजणे सोपे. चाळणीवर चाळण ठेवावी, हलवावी आणि प्रत्येकीवर काय उरले त्याचे वजन करावे. परंतु नेहमीच्या कामातली सर्वात बारीक चाळण ०.०७५ मिलिमीटरची. तिच्यातून जे खाली पडते त्यात पोयटा आणि चिकणमाती दोन्ही आली आणि जमिनीचा खरा स्वभाव ठरतो तो तिथेच. एकोणिसाव्या शतकातल्या शास्त्रज्ञांनी त्यासाठी पाण्याची मदत घेतली. मूळचे जर्मनीतले आणि लहानपणीच अमेरिकेत आलेले युजीन हिल्गार्ड यांनी १८७३ साली असे उपकरण मांडले, की ज्यात खालून वर जाणारा पाण्याचा प्रवाह हलके कण उचलून नेई व जड कण मागे राहत. पद्धत चोख होती. पण एकेका नमुन्याला फार वेळ आणि कष्ट लागत.

या कामाला लागणारे गणित आधीच तयार होते, पण ते केले होते भलत्याच कामासाठी. आयर्लंडमध्ये जन्मलेले केंब्रिजचे प्राध्यापक जॉर्ज गेब्रियल स्टोक्स यांनी १८५१ साली लंबकावर एक प्रबंध प्रसिद्ध केला. हवेच्या अंतर्गत घर्षणाने लंबकाच्या आंदोलनावर काय परिणाम होतो, हा त्याचा विषय. त्यातूनच लहान गोल द्रवातून किती वेगाने खाली जाईल याचे सूत्र निघाले. ढगातले पाण्याचे बारीक थेंब खाली का कोसळत नाहीत, हेही स्टोक्सनी त्यावरून दाखवले. सूत्राचे सार एवढेच की कणाचा व्यास निम्मा झाला तर पडण्याचा वेग चौथाई होतो. २० अंश सेल्सियस तापमानाच्या पाण्यात ०.०५ मिलिमीटरचा कण १० सेंटिमीटर खाली जायला सुमारे ४५ सेकंद घेतो, ०.००२ मिलिमीटरच्या कणाला तेवढ्याच अंतरासाठी पावणेआठ तास लागतात. म्हणजे लांबी मोजायची ती घड्याळाने!

हा ०.००२ आकडा आला स्वीडनमधून. काल्मार येथील रसायनशास्त्रज्ञ आल्बर्ट आटरबर्ग यांनी २, ०.२, ०.०२ आणि ०.००२ अशी मोजपट्टी सुचवली आणि पुढे आंतरराष्ट्रीय मृदाशास्त्राने ती स्वीकारली. अमेरिकेच्या कृषी खात्याची चिकणमातीची हद्द मात्र १९३८ सालापर्यंत ०.००५ होती. तीच माती, तेच कण. पण १९३८ नंतर कागदावरची चिकणमाती कमी झाली आणि पोयटा वाढला. हद्द निसर्गाने आखलेली नव्हती, माणसांनी ठरवलेली होती.

पुढचे पाऊल पडले वेल्समध्ये. बँगोरच्या जी. डब्ल्यू. रॉबिन्सन यांनी १९२२ साली पिपेटची पद्धत मांडली. त्याच सुमारास अमेरिकेत व जर्मनीतही काहींना हेच सुचले होते. युक्ती सुरेख होती: कण वेगळे करायचेच नाहीत. माती पाण्यात सारखी ढवळायची, ठरल्या वेळी ठरल्या खोलीवरून थोडे पाणी पिपेटने काढायचे, वाळवायचे आणि उरलेली माती तोलायची. तोवर मोठे कण त्या खोलीच्या खाली गेलेले असतात; लहान कण मात्र मूळच्याच प्रमाणात तिथे असतात. शितावरून भाताची परीक्षा म्हणतात ती हीच!

तरीही नाजूक तराजू आणि सावध हात यांवाचून पिपेटचे काम होत नसे. शेतकऱ्यांकडून आणि रस्त्यांच्या कामांवरून नमुन्यांचे ढीग येऊ लागल्यावर याहून झटपट उपाय हवा होता. तो दिला जॉर्ज बुयुकोस यांनी. ग्रीसमधून शिक्षणासाठी अमेरिकेत आलेले आणि मिशिगन स्टेट कॉलेजमध्ये स्थिरावलेले बुयुकोस यांनी १९२७ साली सांगितले, की गढूळ पाण्यात सरळ हायड्रोमीटर सोडा. दूधवाल्याच्या हंड्यात लॅक्टोमीटर सोडतात, तसेच. कण खाली बसतील तसे पाणी हलके होईल आणि नळी खाली जाईल. टीकाकारांनी लगेच बोट ठेवले: हायड्रोमीटरचा फुगा काही सेंटिमीटर उंच असतो आणि तो स्वतःच खालीवर होतो, मग वाचन नेमक्या कोणत्या खोलीचे धरायचे? आक्षेप खरा होता. त्याला शिस्तशीर उत्तर दिले १९२६ साली ऑस्ट्रियातून अमेरिकेत आलेल्या आर्थर कासाग्रांद यांनी, १९३४ साली बर्लिनमध्ये छापलेल्या त्यांच्या जर्मन पुस्तकात. तेव्हापासून हायड्रोमीटर पायाच्या कामाच्या इंजिनिअरांचाही झाला.

परंतु घाईची किंमत चुकली नाही. बुयुकोस यांच्या सोप्या पद्धतीत चिकणमातीचे वाचन दोन तासांनी घेतात. वरचेच गणित लावले तर दोन तासांत १० सेंटिमीटरच्या खाली जातात ते सुमारे ०.००४ मिलिमीटरहून मोठे कण. म्हणजे बारीक पोयटाही चिकणमातीच्या खात्यात जमा होतो. १९७९ साली गी आणि बाउडर यांनी ही उणीव स्पष्टपणे मांडली. तापमानही दगा देते: ३० अंशांच्या पाण्यात पावणेआठ तासांचे काम सुमारे सहा तासांत उरकते. ती दुरुस्ती केली नाही तर पुणे आणि मिशिगन यांची माती एका मापाने मोजलीच जात नाही.

सर्वात मोठी मेख मात्र तुरटीच्या उलट दिशेची आहे. तुरटी कणांना एकत्र आणते. प्रयोगशाळेला ते सुटे करायचे असतात. त्यासाठी सोडियम हेक्सामेटाफॉस्फेट घालतात. जड पाणी मऊ करणारे मूळचे 'कॅल्गॉन' ते हेच. मग मिल्कशेकच्या यंत्राच्या भावंडासारख्या ढवळणीने माती घुसळतात. दख्खनच्या काळ्या मातीत चुना असतो, तो कणांना बांधून ठेवतो. कोकणातल्या जांभ्या मातीत लोहाची ऑक्साइडे हेच करतात. अशी माती आधी कडक वाळवली तर गोळे सुटतच नाहीत आणि चिकणमाती पोयट्याचे सोंग घेते.

आणि एवढे करून मिळतो तो कणाचा आकार नव्हेच. चिकणमातीचे कण पापुद्र्यासारखे चपटे असतात. आपण मोजतो ती पडण्याची गती. तेवढ्याच गतीने पडणाऱ्या गोल कणाचा व्यास आपण कागदावर लिहितो. लेसरची यंत्रे आली तेव्हा हे उघडे पडले. १९९७ साली कोनर्ट आणि व्हांडेनबर्ग या संशोधकांना त्यांच्या नमुन्यांत पिपेटचे ०.००२ हे लेसरच्या ०.००८ शी जुळते असे आढळले. दोन्ही यंत्रे खरे बोलत होती, पण दोघांना विचारलेला प्रश्न वेगळा होता.

आकार कळला तरी स्वभाव कळतोच असे नाही. लंडनच्या अ‍ॅलेक स्केम्प्टन यांनी १९५३ साली दाखवले, की चिकणमातीची टक्केवारी सारखी असली तरी खनिज वेगळे असेल तर माती वेगळी वागते. चिनीमातीचे केओलिनाइट शांत असते. काळ्या मातीतले मॉन्टमोरिलोनाइट पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि भिंतींना भेगा पाडते.

या चाचणीचे नियम आजही बदलत आहेत. भारतीय मानक आय. एस. २७२० च्या चौथ्या भागात पिपेट आणि हायड्रोमीटर दोन्हींना जागा आहे. अमेरिकेचे जुने डी ४२२ हे मानक २०१६ साली मागे घेतले गेले आणि हायड्रोमीटरसाठी स्वतंत्र डी ७९२८ आले. तेव्हा गावाकडच्या प्लॉटचा अहवाल हाती आला तर टक्केवारी वाचण्याआधी तीन प्रश्न जरूर विचारावेत: पद्धत कोणती, शेवटचे वाचन किती तासांनी घेतले आणि माती सुटी करण्यासाठी काय केले? त्यांची उत्तरे मिळाली नाहीत, तर दशांश चिन्हानंतरच्या आकड्यांवर भिस्त ठेवून पायाची खोली ठरवू नये.