गिरणी सुटते, माणूस कधी सुटतो?

आजचा विषय तसा रोजचाच आहे. दिवसाचं काम संपलं की ते डोक्यातूनही जावं, हे कसं जमायचं? यावर सल्ले पुष्कळ मिळतात. फिरायला जा, प्राणायाम करा, फोन लांब ठेवा. ते चुकीचे आहेत असं नाही. पण मुंबईच्या गिरणगावाचा इतिहास बघितला, तर सगळा दोष आपल्या मनाला देण्याची घाई आपण करणार नाही.

आधी शब्द बघू. मराठीत शाळा सुटते, कचेरी सुटते, गिरणी सुटते. ‘सुट्टी’ हा शब्दही सुटण्यातूनच आलेला. म्हणजे कुणीतरी धरून ठेवलेलं असतं. त्यानं सोडलं की आपण सुटतो. धरणारा हात सैल झाला नसेल, तर नुसत्या मनोनिग्रहानं माणूस सुटत नाही.

मुंबईतली पहिली कापड गिरणी १८५४ साली कावसजी दावर यांनी काढली. सुरुवातीच्या काळात काम साधारण सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत चाले. १८८१ साली पहिला फॅक्टरी कायदा आला, तो मुख्यतः मुलांपुरता. मोठ्या माणसांच्या तासांना मर्यादा नव्हती, आणि आठवड्याच्या सुट्टीची कायद्यात हमी नव्हती.

सप्टेंबर १८८४ मध्ये ‘दीनबंधु’चे संपादक, सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांनी कामगारांच्या सभा घेतल्या. सुमारे साडेपाच हजार सह्यांचं निवेदन तयार झालं. त्यातल्या मागण्या जरा सावकाश ऐका. रविवारी सुट्टी हवी. दुपारी अर्धा तास विश्रांती हवी. काम सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्ताला थांबावं. पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत मिळावा. कामावर इजा झाली तर भरपाई मिळावी.

आता बघा, पहिल्या तीन मागण्या वेळेच्या आहेत. पण शेवटच्या दोन? आम्हाला वाटतं, त्याही विश्रांतीच्याच आहेत. थकलेल्या पगाराची उधारी वाण्याच्या वहीत चढत असेल, उद्या हात यंत्रात सापडला तर घर कसं चालेल ही धास्ती असेल, तर सूर्यास्ताला गिरणी सोडूनही माणूस आतच राहतो. लोखंडे काही मनःशांतीवर व्याख्यान देत नव्हते. पण काम घरापर्यंत कशाकशातून पाठलाग करतं, हे त्या निवेदनात नेमकं सापडतं.

२४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीला दहा हजार कामगारांची सभा भरली. त्यात दोन स्त्रियाही बोलल्या. १० जूनला गिरणीमालकांच्या संघटनेनं साप्ताहिक सुट्टी मान्य केली, आणि १८९१ च्या कायद्यात ती आली.

पण गोष्ट इथं संपत नाही, बरं का. सूर्यास्त ही फुकटची, निसर्गानं दिलेली मर्यादा होती. १९०५ च्या सुमारास गिरण्यांत विजेचे दिवे आले. कापडाला मागणी होती, आणि काही गिरण्यांत काम चौदा-पंधरा तासांपर्यंत गेलं. कामगारांनी विरोध केला. दिवा वाईट नव्हता. पण सूर्य जी मर्यादा घालत होता, ती आता माणसांनी ठरवायला हवी होती. ठरवायला किती वेळ लागला? १९११ च्या कायद्यानं कापड गिरण्यांत पुरुषांसाठी दिवसाला बारा तास. १९२२ मध्ये आठवड्याला साठ तास. १९३४ मध्ये चोपन्न. डॉ. आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खातं सांभाळत असताना, १९४६ मध्ये, अठ्ठेचाळीस. दिवा लागल्यापासून चाळीस वर्षं!

हा वेळ मिळाल्यावर लोकांनी काय केलं? एका खोलीत इतकी माणसं, की पाळीनुसार आळीपाळीनं झोपायचं. निवांतपणा कुठून येणार? म्हणून भजनी मंडळं, तालमी, लेझीम, शाहिरांचे कार्यक्रम. भजनात ताल चुकला तर शेजारच्याला लगेच कळतं. तिथं साच्याचा विचार करत बसता येत नाही. मन रिकामं करण्यापेक्षा ते दुसरीकडे, चार माणसांत गुंतवणं त्यांना जमलं.

सगळ्यांना मात्र नाही. बदली कामगार रोज सकाळी गिरणीच्या दारात उभा राहायचा. आज काम मिळेल का, हेच ठाऊक नाही. त्याला काम नसलं तरी काम डोक्यात असे. आणि गिरणीतली बाई? भोंगा वाजला की ती घरी येऊन चूल पेटवायची. १८९१ च्या कायद्यानं तिचे गिरणीतले तास अकरावर आणले, चुलीचे तास कुणी मोजले नाहीत.

आज आपल्या हातातला फोन म्हणजे तो १९०५ चा दिवाच आहे. घर ही मर्यादा होती, ती त्यानं पुसली. कामाच्या वेळेनंतर फोन-ईमेलला उत्तर न देण्याचा हक्क मिळावा, असं खासगी विधेयक सुप्रिया सुळे यांनी २०१८ साली लोकसभेत मांडलं. त्याचा कायदा झाला नाही. तेव्हा रात्री अकराला साहेबांचा मेसेज बघून झोप उडाली, तर आपलं मन कमकुवत आहे असं समजू नका. सकाळी सहकाऱ्यांशी बोला, आपलं काम किती वाजता सुटतं हे मिळून ठरवा, आणि तशी साहेबांकडे मागणी करा. आणि हो, आपणही कुणाचे साहेब असू, तर तो मेसेज सकाळी पाठवू या.