रसिकतेचा जुलूम

गाणाऱ्यास श्रोत्यांपासून दोन प्रकारचा उपद्रव पोंचतो. एक बेपर्वाईचा, दुसरा प्रेमाचा. मैफल चालली असतां शेजाऱ्याशीं कुजबुजणारा किंवा आलाप रंगांत आला असतां उठून चालूं लागणारा मनुष्य उघडच दोषी असतो. त्याला वकील मिळत नाहीं. प्रेमाचा उपद्रव मात्र रसिकता या गोंडस नांवाखालीं खपून जातो. आमच्या रंगभूमीवर त्यास 'वन्समोअर' असें नांव पडलें. शब्द इंग्रजी; संसार मात्र त्यानें पुरता मराठी थाटला.

३१ ऑक्टोबर १८८० रोजीं अण्णासाहेब किर्लोस्करांनीं पुण्यांत 'शाकुंतला'चे पहिले चार अंक करून दाखविले. तत्पूर्वीं नाटकांतील पदें बहुधा सूत्रधार म्हणे. आतां बोलणारें पात्रच गाऊं लागलें. १८८२ सालीं 'सौभद्र' आलें, भाऊराव कोल्हटकरांचा गळा आला, आणि आपण नाटक पाहण्यास जातों कीं गाणें ऐकण्यास, हा प्रश्न प्रेक्षकास सुटेनासा झाला. त्याच्या बाजूनें एक गोष्ट कबूल केली पाहिजे. उत्तम गाणें तोंवर दरबारांत किंवा धनिकांच्या दिवाणखान्यांत कोंडलेलें होतें. तिकीट काढून आलेल्या कारकुनास तें प्रथमच लाभत होतें. ध्वनिमुद्रिका घरोघर पोंचल्या नव्हत्या; आवडलेलें पद पुन्हां ऐकावयाचें तर गाणाऱ्याच्याच मुखांतून. त्याची हांव ही उपाशी मनुष्याची हांव होती.

पुढें ती हांव हक्क होऊन बसली. १९०५ सालीं बालगंधर्व किर्लोस्कर मंडळींत आले. १९११ च्या 'मानापमाना'स गोविंदराव टेंब्यांनीं व १९१६ च्या 'स्वयंवरा'स भास्करबुवा बखल्यांनीं चाली दिल्या. बैठकीचें गाणें पदांत उतरलें, आणि प्रत्येक वन्समोअरास नवा विस्तार मिळूं लागला. रात्रीं सुरू झालेलें नाटक पहांटेपर्यंत चाले. यांत संगीताचा लाभ झाला हें आम्ही नाकारीत नाहीं. पण त्याची किंमत नाटकानें मोजली. १९१९ सालीं रंगभूमीवर आलेल्या 'एकच प्याल्या'तील सिंधू घ्या. दारिद्र्यानें पिचलेली ही साध्वी पदांतून आपलें दुःख सांगते. तेवढ्यांत मागून आरोळी येते, आणि तेंच दुःख तिला प्रथमपासून पुन्हां सांगावें लागतें! त्या क्षणीं सिंधू मरते. उरतो तो एक गोड गळा. शेजारीं डोळे पुसणाऱ्याची समाधि मोडली, याची आरोळी देणाऱ्यास वार्ताहि नसते. गाणाऱ्याच्या जिवावर काय बेतलें आहे, हेंहि त्यास ठाऊक नसतें. १२ मार्च १९११ रोजीं, 'मानापमाना'च्या पहिल्याच प्रयोगाच्या दिवशीं, बालगंधर्वांची लहान मुलगी वारली, तरी त्यांनीं तो प्रयोग मोडला नाहीं. समोरच्या गर्दीस दिसत होती ती भामिनी.

हा रोग आमचाच नव्हे. १ मे १७८६ रोजीं व्हिएन्ना येथें मोझार्टच्या 'फिगारोचा विवाह' या संगीतिकेचा पहिला प्रयोग झाला. पुढील प्रयोगांत इतकीं गाणीं पुन्हां म्हणावीं लागलीं कीं, त्याच महिन्यांत सम्राट दुसरा जोसेफ यानें हुकूम काढिला: एकाहून अधिक कंठांसाठीं रचिलेलें गाणें पुन्हां म्हणूं नये. १९०३ सालीं मिलानच्या 'ला स्काला' नाट्यगृहांत प्रेक्षकांचा असाच हट्ट चालला, तेव्हां वाद्यवृंदाचे संचालक तोस्कानीनी प्रयोग अर्धा टाकून निघून गेले. आमच्याकडे ना सम्राटाचा हुकूम निघाला, ना कोणी पाठ फिरविली. प्रेक्षकांस 'मायबाप' म्हणण्याची आमची रीत; मायबापांस नाहीं कोण म्हणणार? अखेर नाटकानेंच आपली वाट बदलली. १ जुलै १९३३ रोजीं 'नाट्यमन्वंतर' संस्थेनें 'आंधळ्यांची शाळा' रंगभूमीवर आणिलें, तें मोजकींच गाणीं घेऊन.

श्रोत्यानें मुकाट बसावें, असें आमचें म्हणणें नाहीं. आमच्या गाण्यांत समेवर मान डोलते, आपसूक 'वाहवा' निघते, आणि तिनें गाणाऱ्यास बळ येतें. कारण ती दाद त्याच्याबरोबर पुढें चालते. वन्समोअर त्यास हात धरून मागें ओढतो. पहिलीनें श्रोता गाण्याचा होतो. दुसऱ्यानें तो गाण्यास आपल्या मालकीचें करूं पाहतो.

वन्समोअरची आरोळी आज क्षीण झाली आहे, परंतु ती हांव गेलेली नाहीं. मैफलींत गायकानें षड्ज लावतांच शेंकडों भ्रमणध्वनि उंचावतात, आणि मागें बसलेल्यास गायकाऐवजीं चकाकत्या काचा दिसतात. क्षण धरून ठेवावा, पुन्हां आपल्या हातीं असावा, हाच तो जुना हट्ट. त्या काळच्या कारकुनास निदान एक सबब होती. त्याच्या घरीं तें गाणें नव्हतें. आमच्या खिशांत शेंकडों गाणीं आहेत. तेव्हां समोर जें एकदांच घडत आहे, तें एकदांच ऐकून घरीं जाण्याइतकी श्रीमंती आम्हांस यावयास हरकत नाहीं.