उद्देशिका पाठ होण्याआधी

महाराष्ट्रातल्या शाळांत २६ जानेवारी २०२० पासून संविधानाच्या उद्देशिकेचे वाचन सक्तीचे झाले. खानदेशातल्या मुलांनाही ती आता तोंडपाठ असते. पण तिच्यातल्या 'आम्ही'मध्ये आपल्या जिल्ह्यांतली साधी माणसे कशी आली, हा इतिहास परिपाठात येत नाही.

यावल तालुक्यातल्या फैजपूरला डिसेंबर १९३६ मध्ये काँग्रेसचे अधिवेशन भरले. खेड्यात भरलेले हे पहिलेच अधिवेशन. अध्यक्ष पंडित नेहरू. साने गुरुजींनी त्यासाठी गावोगावी फिरून प्रचार केला. नंदलाल बोस यांनी बांबूसारख्या साध्या साहित्यातून 'टिळकनगर' सजवले. या अधिवेशनाने १९३५ चा कायदा नाकारला आणि प्रौढ मताधिकाराने निवडलेल्या घटना परिषदेची मागणी केली. त्या कायद्यात मताचा हक्क जमीन, कर, शिक्षण यांवर ठरत असे. भूमिहीन, निरक्षर शेतमजुराला तो मिळणे अवघडच होते.

१९४६ ची घटना परिषद प्रौढ मतदानातून आली नाही. प्रांतिक विधिमंडळांच्या सदस्यांनी ती निवडली. पण तिने लिहिलेल्या संविधानाच्या ३२६ व्या कलमाने फैजपूरच्या मागणीचा गाभा खरा केला: प्रत्येक प्रौढाला मत. संविधानाच्या मूळ हस्तलिखित प्रतीची सजावटही नंदलाल बोस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीच केली.

मुलांना आणखी दोन कलमे अशीच शिकवता येतील. १९ वे कलम शांततेने, विनाशस्त्र एकत्र जमण्याचे स्वातंत्र्य देते. तेव्हाच्या पश्चिम खानदेशातल्या नंदुरबारला ९ सप्टेंबर १९४२ रोजी तिरंगा घेऊन निघालेल्या मिरवणुकीवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. शाळकरी शिरीषकुमार मेहता आणि त्याचे चार सोबती त्यात गेले. १७ वे कलम अस्पृश्यता नष्ट करते. मे १९४७ मध्ये पंढरपूरचे विठ्ठल मंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून साने गुरुजींनी उपोषण केले आणि मंदिर खुले झाले.

मूलभूत कर्तव्ये संविधानात आली ती १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने. अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये १९२४ ते १९३० या काळात गुरुजींनी ती यादीशिवाय शिकवली. वसतिगृहातल्या मुलांच्या खोल्या ते स्वतः झाडत. त्यांच्यासाठी हस्तलिखित 'छात्रालय दैनिक' काढत. १९३० मध्ये त्यांनी नोकरी सोडून सत्याग्रहात उडी घेतली. मुलांना कर्तव्य शब्दांत ऐकावे लागले नाही, ते समोर दिसले.

५१-अ कलमातले एक कर्तव्य स्वातंत्र्यलढ्याचे आदर्श जोपासण्याचे आहे. जे आदर्श माहीत नाहीत ते मुले जोपासणार कशी? फैजपूर, अमळनेर, नंदुरबार ही गावे काही दूर नाहीत. वर्षातून एकदा तरी तिथे जाऊन संबंधित कलम वाचावे आणि मुलांना विचारावे: आपल्या गावात आज कोणाचा कोणता हक्क अजून कागदावरच आहे? या प्रश्नाचे उत्तर शोधायला मुले निघाली, तर उद्देशिकेचे वाचन कारणी लागले असे म्हणता येईल.