शेंद्र्याची जत्रा आणि ध्वनीची सरहद्द
जालना मार्गावरील शेंद्रा आज औद्योगिक वसाहतीमुळे सर्वश्रुत असले, तरी मांगीरबाबाच्या चैत्री जत्रेमुळे लाभलेली त्याची ख्याती पुष्कळ जुनी आहे. परंतु ध्वनियंत्रांच्या शिस्तीचा या मुलखातील मागोवा घ्यावयाचा, तर जत्रेआधी शेजारच्या औरंगाबादच्या नभोवाणी केंद्राकडे वळावे लागते. 1947 साली संस्थानांच्या अमलाखाली जी पाच केंद्रे होती, त्यांपैकी निजामाच्या मुलखातील दोहोंत हे एक होते. नभोवाणीच्या जगात ध्वनिपातळी दाखविणारा व्हीयू मीटर अमेरिकेत 1939 साली प्रमाण ठरला; त्याचा काटा शून्य ओलांडून क्षणभर तांबड्या पट्ट्यात शिरला, तरी त्या काळची यंत्रे हा अतिरेक निमूट सोसत, आवाज फार तर किंचित भरड होई.

1985 साली एईएस-ईबीयू ही अंकीय जोडणी प्रमाण झाली आणि ही सवलत संपली. 110 ओहमच्या एकाच पिळाच्या जोडतारेतून दोन वाहिन्यांचे आकडे वाहू लागले. तेथे शून्य हीच अखेरची सरहद्द, पलीकडे केवळ छाटलेली लहर. म्हणूनच युरोपीय प्रक्षेपकांनी नित्याची पातळी शून्याखाली 18 डेसिबलवर मुक्रर केली.

जत्रा-मिरवणुकांतील यंत्रचालक मात्र मिक्सरवर लाल दिवा लुकलुकत असता प्रोसेसरचा गेन उतरवितो, आणि कर्कशपणाचे खापर बिचाऱ्या कर्ण्यावर फोडतो! पहिल्याच टप्प्यावर छाटलेला ध्वनी पुढे कोणासही सांधता येत नाही. तेव्हा गेन मिक्सरच्या मुखाशीच उतरवावा. आणि रात्री 10 नंतर, 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांस अनुसरून, यंत्रच बंद करावे.