बधिर चट्टा
१. कर्जत-खालापूरच्या वाड्यांवर कुष्ठरोगाच्या तपासणीत आधी बधिर चट्टाच शोधतात. हान्सेनने १८७३ मध्ये पाहिलेला कुष्ठरोगाचा जंतू सगळ्या रुग्णांत एकच, रोगाचे रूप बरेचसे ठरते ते पेशी एकमेकींना कोणता निरोप धाडतात त्यावर. टी-पेशींनी इंटरफेरॉन-गॅमा हा निरोप सोडला की भक्षकपेशी चेततात, जंतू मारतात. चट्टे मोजकेच राहतात, पण त्या चकमकीत मज्जातंतूही होरपळतो, म्हणून चट्टा बधिर. इंटरल्युकिन-१० हा उलटा निरोप वरचढ झाला, तर त्याच भक्षकपेशी पोटात जंतू घेऊन निवांत बसतात आणि रोग अंगभर पसरतो. औषधे चालू असताना चट्टे सुजतात, त्याला लेखकाने 'औषध बाधले' म्हटले आहे. ते बरोबर नाही. ही 'रिॲक्शन' प्रतिकारशक्तीची. तेव्हा बहुविध औषधे थांबवत नाहीत, जोडीला प्रेडनिसोलोन देतात. — संपा.