गर्द, गोळ्या आणि मंदावलेला श्वास : ओव्हरडोस झालेला माणूस ओळखायचा कसा, वाचवायचा कसा

लोणावळा : धबधब्यात कोणी वाहून गेलं, राजमाचीच्या वाटेवर कोणी दरीत घसरलं, तर काय करायचं हे मावळात शेंबड्या पोरालाही माहीत आहे. फोन जातात, दोर निघतात, शिवदुर्ग मित्रची पोरं भर पावसात पोहोचतात. पण बंद खोलीत नशेच्या औषधाने एखाद्याचा श्वास बंद पडत चालला असेल, तर शेजारी बसलेल्यांना बहुतेक वेळा ते कळतही नाही. तो घोरतोय असंच वाटतं. ‘झोपू दे, सकाळपर्यंत उतरेल,’ असं म्हणून दिवा मालवला जातो. ओव्हरडोसच्या मृत्यूंमागे हे एक वाक्य फार वेळा असतं.

तुंगार्लीसारख्या ठिकाणी ही माहिती दोन प्रकारच्या लोकांना लागते. एक म्हणजे ज्यांच्या घरात किंवा भावकीत कोणी व्यसनात अडकलं आहे ते. दुसरे म्हणजे बंगल्यांवर काम करणारे केअरटेकर, माळी, वॉचमन, स्वयंपाकाच्या बायका आणि रिक्षावाले. शनिवार-रविवारी बंगले भरतात, पाहुणे मुंबई-पुण्याचे असतात. कोणी पाहुणा सकाळी उठलाच नाही, तर दार उघडून आत जाणारा पहिला माणूस गावातलाच असतो.

कोणत्या नशेने श्वास थांबतो?

सगळ्या नशा सारख्या नसतात. ‘ओपिऑइड’ म्हणजे अफूपासून काढलेली किंवा अफूसारखं काम करणारी औषधं आणि नशेचे पदार्थ. अफू, मॉर्फीन, हेरॉइन, आपल्याकडे ज्याला गर्द किंवा ब्राऊन शुगर म्हणतात ती पावडर, कोडीन असलेलं खोकल्याचं औषध, ट्रामाडॉलच्या गोळ्या, फेंटानिल हे सगळं या कुळातलं. गांजा यात येत नाही. दौंड तालुक्यातल्या कुरकुंभ एमआयडीसीत फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी ज्याचा मोठा साठा पकडला ते एमडी, म्हणजे मेफेड्रोनही यात येत नाही. एमडीने माणूस चेकाळतो, काळजाचे ठोके वाढतात, अंग तापतं. त्यानेही जीव जाऊ शकतो, पण तो वेगळ्या वाटेने.

ओपिऑइडचं तसं नाही. श्वास घे असा हुकूम मेंदूच्या खालच्या भागातून सुटत असतो. झोपेतही तो चालू असतो, म्हणून आपण झोपेत मरत नाही. ओपिऑइड जास्त झालं की हा हुकूमच मंदावतो. मिनिटाला बारा-पंधरा वेळा चालणारा श्वास सात-आठवर येतो, मग चार-पाचवर, मग थांबतो. तडफड नाही, आरडाओरड नाही. मेंदूला प्राणवायू मिळाला नाही तर काही मिनिटांतच कायमची इजा व्हायला लागते. सोबत दारू किंवा झोपेच्या गोळ्या घेतल्या असतील तर धोका कितीतरी पटीने वाढतो, कारण त्याही श्वास मंदावतात. एरवी झेपणारी मात्राही अशा वेळी जीव घेते.

केंद्र सरकारने दिल्लीच्या एम्समार्फत केलेल्या पाहणीचा अहवाल २०१९ मध्ये आला. देशात सुमारे २ कोटी २६ लाख लोक कोणत्या ना कोणत्या स्वरूपात ओपिऑइड घेतात, असा त्यातला अंदाज आहे. ज्या मोजक्या राज्यांत यातले गंभीर रुग्ण जास्त आहेत, त्यांत पंजाब, हरियाणा, दिल्लीबरोबर महाराष्ट्राचंही नाव आहे. त्यामुळे ‘हे पंजाबचं दुखणं, आपल्याकडे फक्त दारू’ असं म्हणून चालणार नाही.

ओळखायचं कसं?

आधी हाक मारा, खांदे जोरात हलवा. तरी जाग येत नसेल तर मूठ वळून छातीच्या मधल्या हाडावर बोटांच्या पेरांनी जोरात चोळा. साधा झोपलेला किंवा नुसता झिंगलेला माणूस याने कण्हतो, हात झटकतो. ओव्हरडोस झालेला काहीच करत नाही. मग त्याच्या छातीकडे बघा आणि मोबाईलमधल्या घड्याळावर एक मिनिट श्वास मोजा. दहापेक्षा कमी असतील, मध्येच थांबत असतील, किंवा घशातून घर्रघर्र, गुळगुळ असा आवाज येत असेल, तर ते घोरणं समजू नका. पापणी वर करून बघा. बुबुळ टाचणीच्या टोकाएवढं बारीक झालेलं दिसेल. ओठ आणि नखं निळसर पडतात. सावळ्या माणसात ती राखाडी दिसतात, म्हणून ओठाची आतली बाजूही बघावी. सगळ्या खुणा एकत्र दिसायची वाट बघू नका. जाग येत नाही आणि श्वास कमी आहे, एवढं पुरेसं आहे.

१०८ येईपर्यंत

पहिलं काम १०८ ला फोन. लागला नाही तर ११२. फोन स्पीकरवर ठेवा म्हणजे हात मोकळे राहतात. ‘माणूस बेशुद्ध आहे, श्वास नीट चालत नाही’ हे आधी सांगा. काय घेतलं हे माहीत असेल तर तेही सांगा, लपवू नका.

माणसाला पाठीवर झोपवा, तोंडात काही अडकलं असेल तर काढा, कपाळ मागे आणि हनुवटी वर करा. पुष्कळदा एवढ्यानेच जिभेने अडवलेला मार्ग मोकळा होतो. श्वास नसेल किंवा अगदी तुरळक असेल तर त्याचं नाक चिमटीत धरून तोंडाला तोंड लावून फुंकर द्या, दर पाच-सहा सेकंदांनी एक. प्रत्येक फुंकरीला छाती वर आली पाहिजे. ओव्हरडोसमध्ये अडचण आधी श्वासाची असते, हृदयाची नंतर, म्हणून इथे फुंकर फार मोलाची. श्वास पूर्ण थांबला असेल आणि शरीर निपचित पडलं असेल, तर छातीच्या मध्यावर दोन्ही हातांनी जोरजोरात दाबायला सुरुवात करा. १०८ वरची व्यक्ती फोनवर सांगत राहते. श्वास परत चालू झाला की कुशीवर वळवा, वरचा गुडघा वाकवून पुढे टेकवा, म्हणजे उलटी झाली तरी ती घशात जाणार नाही. आणि जवळून उठू नका.

गावाकडचे नेहमीचे उपाय इथे उलटे पडतात. लिंबू, ताक, मिठाचं पाणी बेशुद्ध माणसाच्या तोंडात ओतलं तर ते फुफ्फुसात जातं. गार पाण्याच्या बादल्या ओतणं, थोबाडीत मारणं, दोघांनी खांद्याला धरून चालवणं यात फक्त वेळ जातो.

नॅलोक्सोन नावाचा उतारा

सापाच्या विषावर जशी लस, तसा ओपिऑइडवर नॅलोक्सोन हा उतारा आहे. ओपिऑइड मेंदूत जिथे जाऊन चिकटतं तिथून हे औषध त्याला हुसकावून लावतं. दोन ते पाच मिनिटांत श्वास परत सुरू होऊ शकतो. भारतात त्याचं इंजेक्शन मिळतं आणि अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत ते आहे, पण डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय नाही. अमेरिकेत २०२१ ते २०२३ या काळात दरवर्षी एक लाखाहून जास्त माणसं अमली पदार्थांच्या ओव्हरडोसने गेली, त्यातली बहुतेक ओपिऑइडने. तिथे मार्च २०२३ मध्ये नाकात मारायचा नॅलोक्सोनचा फवारा चिठ्ठीशिवाय विकायला परवानगी मिळाली. लोक तो पर्समध्ये, गाडीत ठेवतात. आपल्याकडेही मणिपूरमध्ये एचआयव्ही रोखण्याचं काम करणाऱ्या संस्थांनी नॅलोक्सोन वस्तीपर्यंत नेलं, कारण दवाखाना गाठेपर्यंत वेळ उरत नाही हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं.

एक गोष्ट ध्यानात ठेवायची. नॅलोक्सोनचा असर साधारण अर्धा ते दीड तास राहतो. पोटातली किंवा रक्तातली नशा त्याहून जास्त वेळ टिकू शकते. त्यामुळे माणूस उठून बसला, ‘मी बरा आहे, घरी जातो’ म्हणाला, तरी त्याला दवाखान्यात नजरेखाली ठेवावं लागतं. एमडी, दारू किंवा झोपेच्या गोळ्यांवर हा उतारा चालत नाही. पण काय घेतलं ते कळत नसेल तरी डॉक्टर तो देऊ शकतात, त्याने वेगळं नुकसान होत नाही.

पुण्याने हे आधी पाहिलं आहे

१९८० च्या दशकात ब्राऊन शुगर मुंबई-पुण्यात आली तेव्हा ती कोणाला नीट माहीतही नव्हती. चांगल्या घरातली, शिकणारी पोरं तिच्यात गेली. लेखक-पत्रकार डॉ. अनिल अवचट या मुलांमध्ये आणि त्यांच्या घरांमध्ये फिरले आणि त्यांनी ‘गर्द’ हे पुस्तक लिहिलं. त्यांचं या विषयावरचं लिखाण वाचून हललेल्यांमध्ये पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे होते. त्यांनी देणगी देऊ केली. अनिल अवचटांच्या पत्नी डॉ. अनिता अवचट येरवड्याच्या मनोरुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञ होत्या. १९८६ मध्ये त्याच आवारात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू झालं. १९९७ मध्ये अनिताताई कर्करोगाने गेल्या, २०२२ च्या जानेवारीत अनिल अवचट गेले. आज त्यांची मुलगी मुक्ता पुणतांबेकर काम बघते.

या केंद्राची खरी ताकद तिथल्या माणसांत आहे. व्यसनातून बाहेर पडलेले अनेक जण तिथेच समुपदेशक, कार्यकर्ते झाले. टर्की, म्हणजे नशा बंद केल्यावर अंग मोडून काढणारा तो त्रास, त्यांनी स्वतः भोगलेला असतो. बायकांसाठी ‘सहचरी’ नावाचा गट आहे. आणि उपचार संपवून घरी गेलेल्यांनी पुन्हा पुन्हा यावं, भेटावं, बोलावं यासाठी पाठपुराव्याच्या बैठका होतात. ‘गर्दुल्ला’ हा शब्द याच काळात मराठीत रुळला. तो शब्द एकदा चिकटला की रस्त्याकडेला पडलेल्या पोराचा श्वास मोजायला कोणी वाकत नाही.

पाठपुराव्याचा ओव्हरडोसशी थेट संबंध आहे, आणि घरच्यांना तो क्वचितच कोणी सांगतं. रोज नशा करणाऱ्याच्या शरीराला मोठ्या मात्रेची सवय झालेली असते. महिना-दोन महिने सुटलं की ती सवय मोडते. मग एखाद्या दिवशी पाय घसरला आणि त्याने जुनीच मात्रा घेतली, तर कालपर्यंत पचणारी पुडी आज जीव घेते. म्हणून व्यसनमुक्ती केंद्रातून, तुरुंगातून किंवा लांबच्या आजारपणातून घरी आल्यानंतरचे पहिले काही आठवडे सगळ्यात जोखमीचे. नेमकं तेव्हाच घरचे ‘सुटला एकदाचा’ म्हणून निर्धास्त होतात. किंवा उलट, पुन्हा घेतल्याचा संशय आला की त्याला खोलीत कोंडतात. एकटं असणं हाच तर यातला मोठा धोका आहे. ‘घेतलंस तर लपवू नकोस, दाराला कडी लावू नकोस’ हे आईबापाला म्हणणं फार जड जातं. काहींना ती व्यसनाला दिलेली परवानगी वाटते. पण कडी लावलेल्या दाराआड कोणालाच मदत करता येत नाही.

सोडणं जमतच नाही अशांसाठी सरकारी ओएसटी केंद्रं आहेत. तिथे ब्युप्रेनॉर्फिनची गोळी रोज कर्मचाऱ्यांसमोर जिभेखाली ठेवून देतात. ‘एक नशा सोडून दुसरी लावली’ अशी टीका यावर नेहमी होते. ती तितकीशी खरी नाही. या औषधाने तलफ शमते, सुई सुटते, माणूस कामावर जातो आणि ओव्हरडोसने मरण्याची शक्यता बरीच कमी होते. मुंबईत रस्त्यावर राहणाऱ्या व्यसनी माणसांमध्ये संकल्प रिहॅबिलिटेशन ट्रस्ट १९९५ पासून अशाच पद्धतीचं काम करत आहे.

पोलिसांची भीती

‘केस होईल’ या भीतीने लोक बेशुद्ध माणसाला तसंच सोडून पळतात. एनडीपीएस कायदा १९८५ चा. हेरॉइनसारख्या पदार्थाच्या सेवनाला त्यात एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. पण त्याच कायद्याच्या कलम ६४-अ नुसार, थोडक्या प्रमाणात सापडलेला व्यसनी माणूस स्वतःहून मान्यताप्राप्त केंद्रात उपचार घ्यायला तयार झाला तर त्याला खटल्यापासून सूट मिळू शकते. रस्ता अपघातात मदत करणाऱ्याला मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीने संरक्षण दिलं. ओव्हरडोससाठी तसं वेगळं कलम नाही, ते असायला हवं होतं. दवाखान्यातून पोलिसांना कळवलं जातं, जबाब विचारला जाऊ शकतो. पण बेशुद्ध माणसाला दवाखान्यात नेणं हा काही गुन्हा नाही.

घरातल्या औषधांकडेही बघावं. कॅन्सरच्या दुखण्यावर डॉक्टर मॉर्फीन किंवा फेंटानिलचा पॅच देतात. रुग्णासाठी ते आवश्यक असतं, भिऊन बंद करू नये. मात्र गोळ्या कुलपात ठेवाव्यात, उरलेले पॅच लहान पोरांच्या हाती लागू देऊ नयेत.

व्यसनमुक्तीच्या सल्ल्यासाठी १४४४६ हा राष्ट्रीय हेल्पलाइन क्रमांक मोफत आहे, मानसिक त्रासासाठी टेली मानस १४४१६. नशेच्या विक्रीची खबर १९३३ वर देता येते. जीव धोक्यात असेल तेव्हा मात्र थेट १०८. तुंगार्लीत बंगले चढावर, आतल्या गल्ल्यांत आहेत आणि नावं एकसारखी. त्यामुळे फोनवर बंगल्याचं नाव, जवळची खूण आणि कोणत्या रस्त्याने वर यायचं हे सांगा. एकाने रुग्णाजवळ थांबावं आणि दुसऱ्याने गेट उघडं ठेवून, मोबाईलची बॅटरी लावून खाली मुख्य रस्त्यावर उभं राहावं.