टाळ्यांची रांग आणि लढाईची रांग

इंग्लंडमध्ये केंब्रिजजवळ डक्सफर्ड नावाचा विमानतळ आहे. ऑगस्ट १९३८ मध्ये पहिलं स्पिटफायर इथल्याच १९ नंबर स्क्वाड्रनकडे आलं. आज तिथे एअर शो भरतात. महायुद्धातली लढाऊ विमानं पंखाला पंख लावून उडतात. अमेरिकेतली ‘द हॉर्समेन’ ही टीम तर त्याच काळातली मस्टँग विमानं घेऊन एकत्र लूप आणि रोल करते. बघणाऱ्यांना वाटतं, आपले पायलट असेच लढले असतील.

तसं नव्हतं. मी जमिनीवरचा सैनिक. परेड ग्राउंडवरची सरळ रांग मलाही आवडते, पण गोळीबारात त्या रांगेत कोणी चालत नाही. तिथे विखरून, एकमेकांना आड देत पुढे सरकायचं असतं.

१९४० साली ब्रिटिश पायलट मात्र घट्ट रांगेतच लढायला गेले. तीन विमानं, इंग्रजी ‘व्ही’च्या आकारात. जर्मन बाँबर सोबत लढाऊ विमानं न घेता येतील, असं धरून ही पद्धत बसवली होती. फ्रान्स पडला आणि तो हिशेब चुकला. लीडर शत्रू शोधायचा. बाजूचे दोघे टक्कर टाळायला लीडरकडेच बघत राहायचे. मागून येणारं मेसरश्मिट बघणार कोण? यात अनेक तरुण गेले.

जर्मन हा धडा स्पेनच्या यादवी युद्धातच शिकले होते. वर्नर मोल्डर्सने बसवलेली त्यांची रचना सैल होती. दोन जोड्या, चार विमानं, पसरलेल्या बोटांसारखी. अंतर मोठं, त्यामुळे चौघांची नजर मोकळी.

आता डग्लस बेडर बघा. १९३१ साली हेंडनच्या प्रदर्शनात त्याने जोडीने हवाई कसरती केल्या. त्याच डिसेंबरात अगदी खालून कसरत करताना विमान कोसळलं आणि दोन्ही पाय गेले. कृत्रिम पायांवर तो परत आला, १९४० मध्ये डक्सफर्डहून लढला. आणि १९४१ मध्ये त्याच्याच टँगमिअर विंगने ‘चार बोटांची’ सैल रचना उचलली. कसरतपटूच लढाईत घट्ट रांग सोडून मोकळा झाला.

मग आजच्या कसरती खोट्या का? नाही. त्यांना वेगळं कसब लागतं. लीडर इंजिनाची थोडी ताकद राखून ठेवतो, नाहीतर वळणावर बाहेरचा साथीदार मागे पडेल. साथीदार जमिनीकडे बघतच नाही. लीडरवर पूर्ण भरवसा. धोकाही खरा आहे. १० जुलै २०११ ला डक्सफर्डलाच मस्टँग आणि स्कायरेडर एकमेकांवर आदळली. मस्टँगचा पायलट पॅराशूटने वाचला, स्कायरेडर कसंबसं उतरलं.

तेव्हा असा शो बघाल तर टाळ्या जरूर वाजवा. फक्त मुलांना एवढं सांगा, की आभाळात शत्रू नाही म्हणून हे पायलट इतक्या जवळून उडू शकतात. १९४० च्या पोरांना ती चैन महाग पडली.

जय हिंद.